तो पराभव धरायचा की नाही?

गेल्या रविवारी बोईसरला आमच्या आमदारांचा सत्कार झाला आणि सूत्रसंचालनाला मी होते… यात नवीन काही नाही. सरावलीत राहते, शाळेत मराठी शिकवते, आवाज खणखणीत आहे. आसपास कुठेही पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा असला की लोकांना मीच आठवते. फुकट येते ना.

साहेबांच्या पीएने परिचय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. शिक्षण, समाजकार्य, विजय, मग आणखी विजय… आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'पराभव ज्यांना ठाऊक नाही असे नेतृत्व'. मी तिथेच अडखळले.

कारण माझं माहेर किनाऱ्यावरच्या एडवणचं. हा माणूस पहिली निवडणूक हरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून रडला होता. मी कॉलेजात होते, पाण्याचा तांब्या मीच बाहेर नेऊन दिला होता.

तेव्हा ते अपक्ष होते, चिन्ह कपबशी. माझ्या बाबांनी वाडीतली कामं टाकून गावभर भिंतींवर कपबशा रंगवल्या होत्या. तरी पडले… पण पडल्यावर त्यांनी जे केलं, ते आमच्याकडे कुणी जिंकूनही करत नाही. घरोघर फिरून आभार मानले. आमच्या वाडीत आले, समुद्राने नेलेली नारळांची ओळ पाहिली आणि म्हणाले, आमदार झालो न झालो तरी इथे समुद्र अडवणारा बंधारा आणणार.

पुढच्या खेपेला त्यांना पक्षाचं तिकीट मिळालं, निवडून आले. मग पक्ष बदलला, पुन्हा निवडून आले. एडवणने दोन्ही वेळा भरभरून मतं दिली, ओट्यावरच्या त्या रडण्यावर विश्वास ठेवून.

बंधारा काही आला नाही… समुद्र मात्र येत राहिला. या उन्हाळ्यात बाबांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. नारळ एकवेळ तग धरतील, वाडीतल्या विड्याच्या पानवेली नाही धरणार. आणि बाबांचं सगळं आयुष्य त्या पानवेलींत गेलंय.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी पीएला बाजूला घेतलं. म्हटलं, यात पहिला पराभव राहिलाय.

तो हसला. "मॅडम, तेव्हा साहेब अपक्ष होते. ते आम्ही धरत नाही."

म्हणजे अपक्ष असताना हरलेलं धरायचं नाही… मग अपक्ष असताना दिलेला शब्दही धरायचा नाही का? हे मी विचारलं नाही. पण डोक्यात गेलं ते गेलंच.

तेवढ्यात आमचे मुख्याध्यापक कानाशी आले. "बाई, दिलंय तेवढंच वाचा." शाळेच्या नव्या वर्गखोल्या आमदार निधीतून व्हायच्या आहेत, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. मी मान डोलावली आणि खरंच तेवढंच वाचायचं ठरवून माइकपाशी गेले.

शिक्षण वाचलं. समाजकार्य वाचलं. मग त्या ठळक अक्षरांपाशी आले आणि माझ्याच्याने ते वाचवेना… मोबाइल खाली ठेवला आणि म्हटलं, साहेबांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट यात लिहायची राहून गेलीय.

आणि तो पराभव सांगितला. कपबशी सांगितली, घरोघर मानलेले आभार सांगितले, बंधाऱ्याचा शब्दही सांगितला. म्हटलं, आमच्या गावाने यांना मतं दिली ती विजय बघून नाही, त्या पराभवामुळे. हरल्यावर दारात येणारा माणूस जिंकल्यावरही येईल, असं आम्हाला वाटलं होतं.

पीएचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

साहेब बोलायला उठले. मुरलेले आहेत… हसतच म्हणाले, "ताईंची स्मरणशक्ती दांडगी आहे. पण हरलेलं कोण लक्षात ठेवतं?" टाळ्याही पडल्या.

आणि मागच्या रांगेतून बाबा उठले. ते कार्यक्रमाला आलेत हे मला माहीत होतं, पण बोलतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. भर सभेत त्यांनी कधी तोंड उघडलेलं नाही.

"आमी ठेवतो, भाऊ," बाबा म्हणाले. "तुमी पडलात तवा आमीपण पडलो व्हतो. तुमी उठलात. आमी अजून तितंच हाय… आन पानी वाडीत आलंय."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी बाबांना ओळखलं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. क्षणभर वाटलं, तो जुना माणूस अजून आत कुठेतरी आहे. "येतो काका, बघायला," एवढंच म्हणाले. कधी, ते नाही म्हणाले.

निघताना पीएने मला सुनावलं की यापुढे साहेबांच्या कार्यक्रमाला तुम्हाला बोलावणार नाही. म्हटलं, नका बोलावू, मी न बोलावता येईन. मुख्याध्यापक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. वर्गखोल्या अडल्या तर माझ्या नावाने शंख होणार… होऊ दे. मुलांना मी खरं बोला म्हणून शिकवते, ते निदान एकदा तरी करून दाखवलं.

परतताना रिक्षात बाबांनी विचारलं, "बाय, येल का गं तो?" मी त्यांचा हात धरून बसले. बाबा, तुम्ही त्या दिवशी उठलात, त्यासाठी थँक यू… मी एकटी पडले असते.

साहेब, बंधारा झाला तर तुमच्या परिचयात तो सगळ्यात आधी सांगेन, आवाज चढवून, मनापासून. नाही झाला, तर पुढच्या निवडणुकीनंतर तुमच्या नावावर दोन पराभव असतील. पहिल्याला आम्ही तुमच्यासोबत रडलो होतो. दुसरा आम्हीच देऊ.