राहीबाईंचा बेडूक

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात राहीबाई प्रयोगशाळा झाडायच्या, आणि खरं सांगायचं तर चालवायच्याही त्याच. चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात सयाजीराव सरांना नागाच्या विषातून वेगळं काढलेलं एक प्रथिन बेडकाच्या स्नायूवर टाकून बघायचं होतं. ते स्नायू लुळा कसा पाडतं, एवढंच त्यांच्या डोक्यात. दिवस मात्र काढला नेमका नागपंचमीचा.

राहीबाईंनी सुरीच उचलली. "आवं सर, आज घरात कुणी भाजी चिरत न्हाई, आन् तुमी नागाच्या इखापायी बेडूक चिरताय?"

मग श्रावणी सोमवार आला, नारळी पौर्णिमा आली, गोकुळाष्टमी आली. बाईंना रोज नवं कारण सापडे. सर चिडत, आणि बाईंच्या हातच्या माश्या खाऊन बेडूक फुगत गेला.

भाद्रपद लागला तसे सर सुरी घेऊनच बसले. या वेळी बाईंनी स्वतःच बेडकाचा डबा पुढ्यात ठेवला.

"कापा आता. महिनाभर माशी देताना हाक मारतीय, वळखतंय बगा. नाव तुमचंच ठिवलंय."

आणि लाडानं हाक मारली, "सयाजी!"

दोघांनीही मान वर केली.