ओसरीवर वाचलेली कादंबरी

नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला, डिंकाचा वास आला की सायखेड्याची ती दुपार आठवते. सिन्नरच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून लिहिलेली पहिली कादंबरी मी पदरमोड करून छापली होती आणि एक प्रत सायखेड्याच्या मावशीला दिली होती. पुढच्या खेपेला गेलो तर ओसरीवर बायका जमलेल्या, पाटावर माझं पुस्तक, शेजारी उदबत्ती, आणि मावशी पोथी वाचावी तशी मोठ्यानं वाचत होती. प्रकरण संपताच सगळ्यांनी हात जोडले. एका म्हातारीनं मला विचारलं, “ती पोरगी घरी परत येती का नाय? लय घोर लागलाय.” मी तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाली, “सांगू नको. उद्याच्या अध्यायात कळंल.” शेवट मीच लिहिलेला, तरी तो ऐकायला मी मुक्काम केला. आता राहतो त्या इंदिरानगरातले शेजारी अजून विचारतात, पुस्तकं खपत नाहीत तर छापता कशाला? मी हसतो, उदबत्ती लावतो आणि लिहायला बसतो.