एकटं देऊ नये

नाताळ आमच्या घरात शाळेच्या फीमागोमाग शिरला. पोरांना इंग्रजी शाळेत घातलं की इंग्रजी येईल याची हमी कुणी देत नाही, सांता मात्र हमखास येतो. आमच्या शाळेत पी.टी.चे सर सांता होतात. दाढी कापसाची, पोट उशीचं आणि आवाज कवायतीचा. ते "हो हो हो" म्हणाले की पुढच्या रांगेतली पोरं सावधानमध्ये उभी राहतात.

आम्ही कोराडीला राहतो, वीज केंद्राच्या कॉलनीत. नवरा केंद्रातच शिफ्टमध्ये काम करतो. सांता चिमणीतून येतो असं माझ्या आठ वर्षांच्या मुलाला पहिलीतच शाळेत सांगितलं गेलं. त्याने आयुष्यात चिमण्या पाहिल्यात त्या आमच्या गच्चीवरून दिसतात तेवढ्याच. त्यांच्या राखेमुळे माझी पांढरी चादर कधी पांढरी वाळलेली नाही. घरी येऊन त्याने बापाला विचारलं, "बाबा, सांता तुमच्याच शिफ्टमधे उतरंल न? मंग त्याले गेटपास कोण देईन?"

नवऱ्याने पेपरमधून डोकं न काढता सांगितलं, की सिक्युरिटीवाल्यांशी बोलून ठेवतो. तेव्हापासून दर डिसेंबरात मुलगा रोज विचारतो, बोलले का, आणि नवरा रोज सांगतो, साहेब सुट्टीवर आहेत.

यंदा मात्र अडचण गेटपासची नव्हती. पोरांना गिफ्टं किती द्यायची, यावरून आमच्या स्वयंपाकघरात जे रणकंदन झालं तसं माझ्या लग्नाच्या याद्या करतानाही झालं नव्हतं.

त्याचं कारण माझी भाची. म्हणजे नणंदेची मुलगी, वय सात. नणंद नर्स आहे. तिचं तिच्या नवऱ्याशी पटलं नाही. तो विषय निघाला की सासूबाई भांडी घासायला घेतात, घासलेली असली तरी. गेल्या वर्षीची दिवाळी झाली आणि नणंद मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला गेली. पोरगी आमच्याकडे राहिली. या दिवाळीला नक्की येते म्हणाली होती. आली ती एक भलीमोठी पेटी, कपड्यांची आणि खेळण्यांची. मग म्हणाली, नाताळच्या सुट्टीत शंभर टक्के. पोरीने अख्ख्या कॉलनीला सांगून टाकलं. दूधवाल्यालाही सांगितलं, वरून अर्धा लिटर जास्त लागेल म्हणून बजावलं.

आणि डिसेंबर लागला तसा फोन आला, की सुट्टी मिळाली नाही. वॉर्डातल्या निम्म्या सिस्टर ख्रिश्चन. सण त्यांचा, सुट्टी त्यांना. यात वाद घालायला जागाच नव्हती. नणंद रडत म्हणाली, "वहिनी, तिले आताच नको सांगू वं. आमच्याइथली एक कामठीची सिस्टर येऊन राहिली, तिच्यासंगं बॅग पाठवतो. सांतानं देल्लं म्हणून दे तिले."

तर अशी ही झाकली मूठ. आणि आम्ही तीन मोठी माणसं, दोघं ग्रॅज्युएट, एक सत्तरीची, ओट्यापाशी उभं राहून ठरवत होतो, की एका आईच्या न येण्यावर किती गिफ्टं ठेवली म्हणजे ते झाकलं जाईल.

"एक," नवरा म्हणाला. "सांता एकच देते. नियम हाये."

"कोणाचा नियम?" मी विचारलं.

"आता नियम म्हणजे नियम."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. चाळिशीपर्यंत मागावर बसल्या, अजूनही रिकामे हात त्यांना सहन होत नाहीत. सांता कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. पण देण्याघेण्याचा प्रश्न निघाला की त्या न्यायाधीश. "एकटं देऊ नये," त्या म्हणाल्या. "एकटी वस्तू देल्ली का घेणारं एकटं राह्यते. अगोदरच पोट्टी एकटी हाये."

"मग दोन," मी म्हटलं.

"दोन देऊन रिकामे! परक्याच्या पोरीले देल्ल्यावानी वाटते थे."

"बरं, तीन."

"तीन तिघाडा काम बिघाडा."

"चार?"

त्यांनी लसूण खाली ठेवला. "चार खांदेकरी असतात वं. लेकरायच्या गोष्टीत चार काहून आणते?"

नवऱ्याने हात जोडले. "आई, तो सांता हाये वं. त्याले पंचांग नसते."

"त्याले नसन, आपल्याले हाये. पाच द्या. पाचामुखी परमेश्वर."

"पाच? सांता गिफ्ट देऊन राहिला का ओटी भरून राहिला?"

पण ठरलं पाचच. आमच्या घरात बहुमताला किंमत नाही, जो शेवटी बोलतो तो जिंकतो, आणि शेवटी नेहमी सासूबाईच बोलतात. मला तेव्हा मनातून बरंही वाटलं. पाच म्हणजे भरघोस. पाच म्हणजे पोरगी उघडता उघडता दमेल आणि विचारायचंच विसरेल. माणसं लाच देताना अशीच स्वतःची समजूत घालतात.

तरी एकदा पोरांनाच विचारावं म्हणून मी दोघांना समोर बसवलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, सांताकडून किती गिफ्टं हवीत. मुलगा म्हणाला, वीस. वर म्हणाला, गेटपासवर सामान लिहावं लागतं, त्याच्यात वीसच्या वर बसणार नाही.

भाची बोटाने फरशीवर रेघा ओढत होती. म्हणाली, "मामी, मले कमी पाहिजे."

"कमी म्हणजे किती गं?"

"एकदम कमी. नाही देल्लं तरी चालते."

माझा भडका उडाला. तिच्यावर नाही, सगळ्या दुनियेवर. सात वर्षांचं पोर आणि कमी मागतं? आम्ही काय तिला परकी वागवतो? माझ्या मुलाच्या ताटात आधी वाढलं का कधी मी? रात्री नवऱ्याला म्हटलं, पाच म्हणजे पाच, त्यात एकही फुसकं नको. पेन्सिल-खोडरबर देऊन आकडा भरायचा नाही. नवरा म्हणाला, मी कुठं काय म्हटलं. तो बिचारा एकाच्या वर कधी गेलाच नव्हता.

मग बॅग आली. कामठीची सिस्टर स्वतः घेऊन आली, चहा पिऊन गेली, जानेवारीत परत जाताना काही न्यायचं असेल तर सांगा म्हणाली. आम्ही तिघांनी ती उघडली. आईचं मन किती खातं ते बॅगेच्या चेनवरून कळत होतं, ती बंदच होत नव्हती. बाहुली, लाइटवाले बूट, रंगांची पेटी, चॉकलेटं, फ्रॉक, आणखी फ्रॉक, पर्स, केसांच्या क्लिपा, एक पियानो. माझ्या मुलालाही एक गाडी होती, कोपऱ्यात दाबलेली.

आता आली का पंचाईत. तिला डोंगर आणि याला गाडी? सांता इतका पक्षपाती निघाला तर माझा मुलगा दुसऱ्या दिवशी वीज केंद्राच्या गेटवर उपोषणाला बसला असता.

सासूबाईंकडे यावरही तोडगा होता. त्यांच्या माहेरी दिवाळीला घरातल्या सगळ्या पोरांचे कपडे एकाच ताग्यातून शिवायचे. पोरगं असो, पोरगी असो, चुलत असो, मावस असो, सगळ्यांना एकच कापड. कुणी म्हणू नये, त्याला चांगलं आणि मला वाईट. ही रीत त्यांनी सासरीही चालवली. माझ्या नवऱ्याचा आणि नणंदेचा लहानपणचा एक फोटो आहे. तिचा फ्रॉक, त्याचा शर्ट आणि मागच्या खिडकीचा पडदा एकाच हिरव्या चौकड्याचा. नवरा त्यात फक्त डोळ्यांमुळे ओळखू येतो.

तर न्याय झाला. तिला तिच्या बॅगेतली पाच, बाकीची कपाटावर, वाढदिवसाला. याला गाडी आणि आम्ही घेऊ ती चार. मी एका संध्याकाळी बसने धरमपेठेच्या बाजारात गेले, उरलेली खरेदी केली, चांदण्यांचा चकचकीत कागद आणला. दोन्ही पोरांची गिफ्टं त्याच कागदात बांधली. आणि बांधायला सासूबाईंना बसवलं. ही आमची खरी चूक.

कारण सासूबाई सेलोटेप मानत नाहीत. त्या धागा मानतात. आणि मागावर तुटलेला धागा जोडायची जी गाठ असते, चपटी, बारीक, दोन्ही टोकं आत वळवलेली, ती सोडून त्यांना दुसरी गाठ बांधवत नाही. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीच्या फडक्याला तीच गाठ, दवाखान्याच्या पिशवीला तीच, पोरांच्या बुटांनाही तीच. दहाच्या दहा गिफ्टांवर त्यांनी ती मारली. माझ्या लक्षातही आलं नाही, कारण सतरा वर्षांत ती गाठ मला दिसेनाशी झाली आहे.

नाताळच्या सकाळी मुलाने पहिलं गिफ्ट उचललं आणि उलटंपालटं करून म्हणाला, "आई, सांताले आजीची गाठ येते?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. "येते न," तो म्हणाला. "येतायेता उमरेडले थांबला असंल."

"तिकडून काहून आला?"

"भिवापूरच्या मिरच्या घ्याले," सासूबाई आतून म्हणाल्या. माझ्या मुलाला हे पटलं. त्याला कागद फाडायची घाई होती, आणि घाई असली की माणसाला काहीही पटतं.

भाची मात्र फाडत नव्हती. तिने आधी पाचही गिफ्टं ओळीत मांडली आणि बघत बसली. मला वाटलं हरखून गेली. मीच म्हटलं, "उघड न गं, हे बघ, मऊमऊ आहे काहीतरी." तिने ते उघडलं. निळा फ्रॉक, मखमलीचा, कमरेला रिबन. मी तो तिच्या डोक्यातून घातला. खांद्यात अडकला. ओढून खाली केला तर पाठीची चेन वर जाईना, आणि घेर गुडघ्याच्या वीतभर वर राहिला.

व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो. उंची दिसत नाही. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

भाची तशीच उभी राहिली, अर्धी फ्रॉकात. "मामी, सांता तर सगळ्या पोट्ट्यायले रोज पाह्यते न? सर म्हणत होते."

"हो, पाहतो न."

"मंग त्याले माहीत नाही का मी मोठी झाली थे?"

मुलाने गाडी चालवली, ती सोफ्याखाली गेली, तो मागे गेला.

"हे मम्मीनं पाठवलं," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. "मम्मी येणार असती तर संगंच आणलं असतं. दिवाळीलेही असंच झालं. लय सामान आलं आन् मम्मी नाही आली." मग माझ्याकडे बघून, जरा रागावूनच, "म्हणून तर मी तुले म्हटलं होतं, कमी पाहिजे म्हणून."

मी तिला जवळ घेतलं आणि मला रडू आलं, चांगलं मोठ्याने. ती रडली नाही. तिचा एक हात फ्रॉकात अडकला होता, दुसऱ्याने ती माझ्या पाठीवर थापटत राहिली. मी सगळं सांगितलं. सुट्टी मिळाली नाही, मम्मी रडत होती, बॅग कामठीच्या सिस्टरने आणली, ती जानेवारीत परत जाणार, आम्हीच लपवलं. नवरा मध्येच म्हणाला की मार्चमध्ये नक्की, आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वाक्य गिळलं. आमच्या घरात आता नक्की हा शब्द कुणी वापरायचा नाही.

सगळं ऐकून तिने फ्रॉक काढायला लावला. मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, आजीने शिकवलेली, बाह्या आत. मग कपाटाच्या खालून मस्कतची ती रिकामी बॅग ओढत आणली.

"थे सिस्टर जाऊन राहिली न परत? तिच्यापाशी हे दे." तिने फ्रॉक बॅगेत ठेवला. "मम्मीले म्हणा, मले लहान होते. येऊन माप घे म्हणा."

एवढ्या मोठ्या बॅगेत तो फ्रॉक एवढासा दिसत होता. मी डोळे पुसले आणि सवयीने कामाला लागले. रिकामं भांडं आम्ही कुणाचं परत करत नाही, मग बॅग कशी करणार? चिवड्याचा डबा टाकू, थोडे तिळाचे लाडू, सांडगे, तिकडं काय मिळतंय, असं म्हणत मी उठले.

सासूबाईंनी मला हाताने थांबवलं. बॅगेची चेन लावली, आणि चेन पुरेशी असूनही दोन्ही बंदांना धागा घालून आपली गाठ मारली.

"आई, एकटीच वस्तू?" मी म्हटलं. "तुम्हीच म्हणता न, एकटं देऊ नये?"

त्यांनी दाताने धागा तोडला. "हे एकच जाऊ दे वं," त्या म्हणाल्या. "हे पुरते."