धुरा, काठी आणि ईस्टरची पहाट

जनकाबाईला चर्चमधली प्रार्थना जमत नसे. श्रद्धेत खोट नव्हती. डोळे मिटले की तिला झोप लागायची. एकदा तर पाळकसाहेब 'आमेन' म्हणायच्या आधी तिचं घोरणंच देवाकडे पोचलं. जन्मभर वावरात राबलेलं अंग, टेकलं की सैल पडणारच. म्हणून ती देवाशी चालता चालता बोले. उजाडलं की पदर खोचून निघायची, पिंपळगाव राजा या गावच्या शिवारातून थेट टेकडीपर्यंत, डोळे टक्क उघडे. पळस दिसला तर पळसासाठी उपकार मानायची, तितर उडाला तर तितरासाठी. आणि ज्याचं वावर लागेल त्या धन्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागायची. धनी कोणत्या देवाचा, हे तिनं कधी पाहिलं नाही.

ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी तिच्या मागोमाग टेकडीवर चढायची. दिवस वर आला की प्रभू उठल्याची पहिली आरोळी तिची. आधी तिची सासू द्यायची, सासूमागून ती. तिच्या जिवाला वर्षातून एवढा एकच सण.

टेकडीची वाट जायची कडूबा आणि जानरावच्या धुऱ्यावरून. दोन वावरांमधला हा बांध एकेकाळी बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. पण दोघांचं हाडवैर. दरसाल हा इकडून नांगराची एक रेघ आत सरकणार, तो तिकडून. धुरा असा कोरला गेला की शेळीनंही विचार करून पाय टाकावा.

त्यात जनकाबाईचे ओठ हलत असायचे, ते कडूबाला खुपायचं.

"मावशे, काय पुटपुटून राह्यली वो? जानरावच्या बाजूनं मोजमाप त नाई करून राह्यली?"

"तुयं नाव घेऊन राह्यली देवाजवळ."

"आन त्याचं?"

"त्याचंई."

"मंग माह्यं नको घेऊ!"

ती दोघांचंही घेतच राहिली.

जानेवारीत तूर निघाली आणि त्याच धुऱ्यावर, एका नीलकंठ पक्ष्याकडे बघता बघता, पायाखालची कड ढासळली. जनकाबाई खाली. घोटा मोडला. खामगावच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं, पुढं ते निघालं, पण हातात काठी आली ती आलीच.

"आत्याबाई, आंगणात चाला," सून संजीवनी म्हणाली. "देव आंगणात येत नाई का?"

"येते ना. पण त्यालेई बाहीर हिंडाची आवड हाये."

पाळकसाहेब भेटायला आले. जरा चाचरतच म्हणाले, "जनकाबाई, यंदा ईस्टर चर्चच्या आवारातच करू. तुम्हाला खुर्ची टाकू."

खुर्ची! दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन धुऱ्याशी गेली. धुऱ्यावर पाय मावायचा तर काठी मावायची नाही. वावरातून जावं तर काळ्या मातीला उन्हानं भेगा पडलेल्या. काठी टेकली की अर्धी आत. ती तिथूनच परतली. वाटेनं देवाशी जे काही बोलली, ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच संध्याकाळी जानराव कांदे घेऊन भेटायला आला. हा एकटा जाऊन सगळा दोष आपल्याच माथी मारील, या धाकानं पाठोपाठ कडूबाही हजर. त्याच्या खांद्यावर भला मोठा भोपळा. दोघं एकाच बाजेच्या दोन टोकांना टेकले, एकमेकांकडे पाठ करून.

"मावशे, धुरा त्यानं कोरला," जानराव म्हणाला.

"खोटं बोलते बे! त्याच्याच बाजूनं ढासळला!"

"काऊन भांडता?" जनकाबाई म्हणाली. "मी दोघाच्याई वावरात पडली. डोकं जानरावच्या, पाय कडूबाच्या. आता सांगा, मोडलं काय?"

"पाय," जानराव खूश होऊन म्हणाला.

"आन पाय मोडला तो डोक्यानं. दोघाच्या डोक्यानं. हा कांदा-भोपळा घेऊन जा. मले माती पाह्यजे. ज्यानं जेवढी खाल्ली तेवढी परत टाका. मले ईस्टरले टेकडीवर जाचं हाये."

संजीवनीनं कांदे-भोपळा परत जाऊ दिले नाहीत, ते सोडा.

दोन-चार दिवस काहीच हललं नाही. मग जानरावनं लाजेकाजेनं टोपलंभर माती धुऱ्यावर टाकली. ते कडूबानं पाहिलं. आपण कमी पडलो असं गावानं म्हणावं? त्यानं गाडीभर टाकली. जानरावनं ट्रॉली आणली. कडूबानं त्यावर मुरूम पसरून पाणी मारलं, बडवून घेतलं. देवाच्या प्रीतीनं केलं म्हणाल तर नाही. निव्वळ जिद्दीनं केलं. पण ईस्टर येईस्तोवर धुरा असा झाला की त्यावरून वरात जावी.

झुंजूमुंजू व्हायच्या आत जनकाबाई निघाली. काठी टेकली. धुऱ्यानं ती धरली. मागं पाळकसाहेब, संजीवनी, बायाबापे, गाणं सुरू. पाळकसाहेबांनी खुर्चीचं नावही काढलं नाही. एका कडेला कडूबा उभा, दुसऱ्या कडेला जानराव. आपला मुरूम कुठवर आला ते लोकांना दिसावं म्हणून दोघांच्या हातात बॅटऱ्या.

"मावशे, आज आंधी कोणाचं नाव घेतलं?" कडूबानं विचारलंच.

"दोघाच्याई आंधी धुऱ्याचं," ती म्हणाली आणि थांबली नाही.

चढावर घोटा ठणकला. तिनं त्याचंही नाव घेतलं आणि पुढं निघाली. बाभळी मागं पडल्या, पळस मागं पडले. माथ्यावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि दिवस नुसती कोर दाखवत होता. तिनं काठी जमिनीत रोवली, दोन्ही हात मोकळे केले आणि छाती भरून ओरडली,

"प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" मंडळी गरजली. तितरांचा थवा फडफडत उडाला. खालून, धुऱ्याच्या दोन्ही कडांनी, शब्द न कळताच होकाराचे दोन आवाज आले, "हाव! हाव!"

"आत्याबाई, आता टेका जरा," संजीवनी म्हणाली.

"टेकाले आली का मी?" जनकाबाईनं काठी उपटली. "अजून तेवढंच परत चालाचं हाये."