दहापैकी दोन

रविवारी जेवणं झाली की आमच्याकडे सगळे मिळून टीव्हीवर सिनेमा बघतात आणि संपला की त्याला दहापैकी मार्क देतात. मला कोणी मार्क विचारत नाही. माझ्या डोळ्यांकडे बघतात. "आई रडली, दोन वाढवा," असं मुलगा म्हणतो आणि सगळे हसतात. मीही हसते.

काल सिनेमात एक बाई कापडी पिशवी घेऊन एसटी स्टँडवर बसली होती. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. ती कुठल्याच गाडीत चढली नाही. संध्याकाळी उठून घरी गेली आणि कणीक मळायला बसली.

"संपला? ह्यात घडलं काय?" सून म्हणाली.

"आई, रडलीस का गं?" मुलाने विचारलं.

"नाही रे."

"हीसुद्धा रडली नाही. दोनच द्या," हे म्हणाले.

रडू आलंच नाही. दुसऱ्याचं दुःख बघून रडता येतं. लग्नाला वर्ष झालं तेव्हा मीही अशीच पिशवी घेऊन स्टँडवर बसले होते आणि दिवेलागणीला परत आले. ह्यांनी पेपरातून मान वर न करता चहा मागितला. आमच्या घरातही त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं.