दादाचं नाव फॉर्ममधून कसं गेलं

माझा दादा चौदा वर्षं एका पाहणी करणाऱ्या कार्यालयात क्षेत्र अन्वेषक आहे. हुद्दा ऐकायला भारदस्त. काम काय, तर लोकांची दारं ठोठावायची आणि घरात किती माणसं, कोण किती कमावतं, ते टॅबमध्ये भरायचं. लोक रविवारी घरी सापडतात, म्हणून दादा रविवारी घरी नसतो; एरवीही महिन्याचे बरेच दिवस गावोगावच्या दौऱ्यावर. त्याने शिकवून तयार केलेली पाच पोरं त्याच्या डोक्यावर सुपरवायझर होऊन बसली. साहेबांचं ठरलेलं वाक्य, "फील्डवर तुझ्यासारखा माणूस नाही." म्हणे कौतुक. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा पुन्हा सुपरवायझरची जागा निघाली. टेबलावरचं काम, संध्याकाळी घर. वहिनीला तिच्या बँकेने माहेरच्या गावी बदली देऊ केली होती. ती दादाला स्पष्टच म्हणाली, "ही जागा मिळाली तर मी थांबते. नाहीतर मुलीला घेऊन जाते. एकटीनेच वाढवायची तर आईजवळ वाढवीन."

त्यातच पाहणीच्या यादीत दादाचंच घर लागलं. दादा दौऱ्यावर. त्याच्याच हाताखाली शिकलेली नवी मुलगी रविवारी टॅब घेऊन आली. मीही त्या दिवशी वहिनीला भेटायला गेले होते.

"घरात राहणारी माणसं किती?"

"तीन," वहिनी म्हणाली.

मुलगी चाचरली. गेल्या सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त रात्री घरी झोपलेलाच माणूस मोजायचा, असा त्यांचा नियम. वहिनीने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि दौऱ्याच्या तारखा वगळून मोजलं. दादाच्या एकसष्टच रात्री भरल्या.

मुलीने घाबरून दादाला फोन लावला, स्पीकरवर. "सर, तुमचं नाव ठेवू का? कोण बघतंय?"

पलीकडे कुठलंसं कुत्रं भुंकत होतं.  दादा म्हणाला, "मीच शिकवलंय ना तुला? काढ नाव. दोन लिही."

मूर्ख माणूस. फोनमध्ये हात घालून त्याला गदागदा हलवावंसं वाटलं मला. वहिनी कॅलेंडर परत लावायला गेली, तर तिला खिळा लवकर सापडेना.

ही गोष्ट ऑफिसात पोचली. साहेबांनी भर बैठकीत ती सांगून टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाले, असा प्रामाणिक माणूस खुर्चीत बसवून वाया कशाला घालवायचा? जागा गेली दोन वर्षांपूर्वी लागलेल्या एका पोराला. त्या टाळ्यांना काय चाटायचंय?

दादाने हे वहिनीला फोनवरच सांगितलं, कारण बैठक संपताच त्याला नऊ दिवसांच्या दौऱ्यावर धाडलं होतं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बँकेला बदलीचा होकार कळवला. मी तिला अडवायला गेले होते.  शेवटी मीच तिच्याबरोबर सामान बांधायला बसले.