म्हाळसाबाईच्या हनुवटीवरचा रवा

अंधारात काढलेला फोटो संगणकावर मोठा केला की चेहऱ्यावर बारीक दाणे दिसतात. आमच्या औरादेत त्याला रवा म्हणतात. हा शब्द व्यंकटचा. आठवडी बाजाराच्या वाटेवर त्याचा फोटो स्टुडिओ आणि समोर माझं शिलाईचं दुकान. पंचवीस वर्षं मी त्याला पाहतोय. त्याच्याविषयी चांगलं लिहायचं तर पहिल्या बारा वर्षांचंच लिहावं लागेल.

हैदराबादेत एका लॅबमध्ये शिकून तो १९९४ साली इथं आला. पुढं रीळ गेलं, डिजिटल आलं. बाकीचे फोटोवाले कॅमेरा देईल तो फोटो छापून मोकळे व्हायचे. व्यंकट मात्र कच्ची, कॅमेऱ्यानं काहीच न सुधारलेली फाइल घ्यायचा. मी विचारलं, हे काय नवं खूळ? तर म्हणाला, "हे पीठ हाय, मास्तर. भाकर मी थापणार, मीच भाजणार. कॅमेऱ्यानं भाजून दिलेली भाकर पुन्हा पीठ व्हत न्हाई."

आमच्याकडं लग्नात ऐनवेळी वीज जाणार, हे ब्राह्मणाला न विचारताही ठरलेलं. मग दारातून येईल तेवढ्या उजेडात कॅमेऱ्याला डोळे ताणावे लागायचे, आणि रवा पडायचाच. तो काढायला संगणकावर मागं-पुढं सरकवायच्या दोन-तीन पट्ट्या असतात. त्यानं मला कितीदा तरी समजावल्या. एक पट्टी रंगाच्या रव्याची, तिनं लाल-हिरवे ठिपके जातात. दुसरी उजेडाच्या रव्याची, तिनं काळे-पांढरे दाणे दबतात. तिसरी बारकावे राखायची. "दुसरीला हात लावताना भ्यावं," तो म्हणायचा. "रव्यासंगं माणूसबी जातंय." आणि खरंच भ्यायचा. पट्टी जरा पुढं न्यायचा, पापण्यांचे केस बघायचा, परत मागं आणायचा. एका चेहऱ्यापायी माणूस चहा थंड करायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे इथंच सांगून टाकतो.

पण गिऱ्हाइकाला अभिमान नको होता, गुळगुळीत चेहरा हवा होता. टीव्हीवरच्या बायकांना सुरकुत्या नसतात, मग आमच्या काकूला का? गावातले उद्धवराव सावकारी थाटात येऊन म्हणाले, "आमच्या म्हातारीच्या तोंडावर वाळू कामून टाकलायस?" दुसऱ्याला कशाला नावं ठेवू! माझ्या लेकीच्या, प्रतीक्षाच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोतले मुरुमांचे डाग मीच उभं राहून पुसायला लावले होते. व्यंकटनं पट्टी टोकाला नेली.

मग त्यानं भ्यायचं सोडलंच. सगळ्या पट्ट्या टोकाला, बारकाव्याची शून्यावर, असं एक ठरीव माप संगणकात साठवून ठेवलं आणि त्याला नाव दिलं 'लोणी'. एक बटण दाबलं की अख्ख्या लग्नाला लोणी. नवरी, करवल्या, मामा, आचारी, सगळे एकाच साच्यातले. डिस्क भरली की कच्च्या फायली पुसायच्या. गावाला फोटो आवडायला लागले. ज्या माणसाला नजर होती त्यानं ती स्वतःच्या हातानं मिटून घेतली, आणि आम्ही त्याला शाबासकी दिली.

काशाप्पाच्या लेकीचं, रूपाचं लग्न २००९ मधलं. काशाप्पा धनगर, बापजाद्यांची मेंढरं संपली, आता रोजानं जातो. त्याची बायको म्हाळसाबाई फोटोला कधी उभी राहिली नव्हती. लेकीला हळद लावताना व्यंकटनं तिला दाराच्या उजेडात टिपलं. तो तिचा जन्मातला एकुलता एक फोटो. दोन वर्षांनी ती गेली. तेराव्या दिवसाच्या जेवणाआधी भिंतीला लावायला मोठा फोटो हवा, म्हणून काशाप्पा स्टुडिओत आला. मी तिथंच बसलो होतो.

व्यंकटनं छापून पुढं ठेवला. काशाप्पानं बराच वेळ बघितलं.

"हिचं गोंदण कुठाय?"

म्हाळसाबाईच्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके होते. हिरवट, जुने, विटलेले. आमच्याकडं बाया म्हणतात, मेल्यावर अंगावरचं सगळं उतरवून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं. तेच नेमकं रवा समजून लोण्यानं खाल्लं होतं. हिरवा रंग पहिल्या पट्टीनं गेला, ठिपके दुसरीनं.

"नितळ फोटो आलाय की, मामा," व्यंकट म्हणाला.

"नितळ? बिनगोंदणाच्या बाईला वर देवाघरी कोन पाणी देईल का रे? कामून पुसलास?"

व्यंकट खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला. त्यानं संगणकात शोधलं, जुन्या डिस्का लावून शोधलं. कच्ची फाइल नव्हती. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची कीव आली नाही, राग आला.

"मी हातानं काढून देतो," तो शेवटी म्हणाला. पडद्यावर हनुवटी मोठी केली, बारीक कुंचला घेतला, हिरवा रंग धरला. "सांगा मामा. किती व्हते? कसे व्हते?"

काशाप्पानं तोंड उघडलं. तीन बोटं वर केली. मग चौथं उघडलं. बोटांकडं बघत राहिला.

"थांब," म्हणाला. रूपाला फोन लावला. ती म्हणाली, तीन, ओळीत. मग म्हाळसाबाईच्या बहिणीला, यल्लम्माला लावला. ती म्हणाली, पाच, मधला मोठा. फोन बंद करून तो स्टुलावर बसला. व्यंकटचा कुंचला तसाच हनुवटीवर थांबलेला.

"तुज्यावर कशाला चिडायलोय मी," काशाप्पा म्हणाला. "बेचाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लो. एकदाबी नीट बघितलो न्हाई."

"तीन काढू का?"

"नगं. खोटं नगं. हाय तसा दे."

व्यंकटनं कुंचला ठेवला. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून काशाप्पा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो लावलाही. मी जेवायला गेलो होतो, तेव्हा पाहिला. अजून आहे भिंतीवर. रूपाची लेकरं त्या कोऱ्या हनुवटीच्या बाईला आजी म्हणून हात जोडतात, आणि त्यांना कुणी काही सांगत नाही.